माईक आणि पिकअप इंटरफेसला लावताना येणारी घरघर: कुठून शिरते आणि कशी घालवायची

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते, माईक चांगला घेतला, इंटरफेस (माईक-गिटारचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारी डबी) चांगला घेतला, तरी मागे घरघर येतेच. मग कोणीतरी सांगतं की सॉफ्टवेअरमध्ये नॉईज रिडक्शन मार, होईल साफ. घरघर जाते हो, पण तिच्याबरोबर तंबोऱ्याची जवारी जाते, तबल्याच्या चाटेवरची धार जाते, गाण्यातले श्वास अर्धवट कापले जातात. माझं ठाम मत आहे की नॉईज कन्व्हर्टरच्या (इंटरफेसमधला आवाजाचे आकडे करणारा भाग) अलीकडेच अडवायचा, कारण एकदा आवाजाचे आकडे झाले की त्यातलं गाणं किती आणि घरघर किती हे कोणालाच पूर्ण वेगळं करता येत नाही. आणि अडवायचा तर तो नक्की कुठून शिरतोय हे आधी सापडलं पाहिजे. नवीन केबल, नवीन माईक, नवीन इंटरफेस हे सगळं त्याच्यानंतर.

हे सगळं मी आपल्या ठाणे-नवी मुंबईतल्या फ्लॅटचा विचार करून लिहितोय, जिथे डोक्यावर पंखा आहे, शेजारी लिफ्टची मोटर आहे, सोसायटीचा पंप दिवसातून दोनदा सुरू होतो आणि आवाज शोषून घेणारी, ट्रीट केलेली खोली वगैरे कोणाकडे नसते.

आधी नॉईज ओळखा

हेडफोन लावा, गेन रोज ठेवता तेवढाच ठेवा, आणि काहीही न वाजवता तीसेक सेकंद रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी फुकट मिळतं, त्यात तो तुकडा सिलेक्ट करून ॲनालाईझ मेनूमधलं प्लॉट स्पेक्ट्रम उघडा, साईज ६५५३६ ठेवा नाहीतर खालच्या फ्रिक्वेन्सी एकमेकांत मिसळून जातात आणि काहीच कळत नाही, ॲक्सिस लॉगवर ठेवा. आता शेंडे कुठे आलेत ते बघा.

आपली लाईट ५० हर्ट्झची. नुसता ५० ला मोठा शेंडा असेल आणि ऐकायला जाड, गोल गुणगुण असेल तर बहुतेक चुंबकीय क्षेत्र थेट आत शिरतंय, म्हणजे जवळ कुठेतरी ट्रान्सफॉर्मर आहे, मोटर आहे, किंवा भिंतीतून जाड वायरिंग गेलंय. १००, २००, ३०० अशी रांग दिसत असेल आणि आवाज माशीसारखा बोचरा असेल तर पॉवर सप्लाय, चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर किंवा ग्राउंड लूप. १,००० हर्ट्झला आणि त्याच्या पटीत बारीक शिट्टी असेल तर ती यूएसबीची, कारण जुन्या फुल स्पीड यूएसबीवर दर मिलिसेकंदाला एक फ्रेम जाते, म्हणजे सेकंदाला बरोबर १,०००. हाय स्पीडवाल्यात तेच ८,००० ला दिसतं. टक-टक-टर्रर्र असा आवाज मधूनच येत असेल तर टूजीवर असलेला फोन जवळ पडलाय, त्याची घरघर २१७ हर्ट्झची असते. शेंडा वगैरे काही नाही, सगळीकडे सपाट सूंऽऽ आहे, तर तो प्रीॲम्पचा (इंटरफेसमधला माईकचा सिग्नल वाढवणारा भाग) किंवा माईकचा स्वतःचा हिस आहे, त्याला वेगळा उपाय. आणि चरचर, कडकड अशी अधूनमधून येत असेल तर लूज कॉन्टॅक्ट किंवा ओलावा.

एवढं केलं तरी अर्धी शोधाशोध वाचते.

एक एक गोष्ट काढत जा

आता खरी मुख्य स्टेप, आणि लोक नेमकी हीच टाळतात. चेनमधलं सगळं काढून फक्त इंटरफेस आणि लॅपटॉप ठेवा, लॅपटॉप बॅटरीवर. माईक इनपुटला काहीच न लावता मोजू नका, उघडं इनपुट स्वतःच नॉईज पकडतं आणि वाढीव आकडा दाखवतं. त्यापेक्षा एक साधा एक्सएलआर मेल कनेक्टर घ्या आणि त्याच्या पिन २ आणि ३ च्या मधे १५० ओहमचा रेझिस्टर सोल्डर करा. हा तुमचा खोटा माईक. तो लावून रेकॉर्ड केलं की इंटरफेसचा स्वतःचा नॉईज किती ते कळतं. जॅक इनपुटसाठी टिप आणि स्लीव्ह एकमेकांना जोडलेला पाव इंची जॅक करून ठेवा.

मग क्रमाने एक एक गोष्ट वाढवत जा आणि प्रत्येक वेळी तेवढ्याच गेनवर तेवढेच सेकंद रेकॉर्ड करा. खोटा माईक लांब केबलच्या टोकाला. मग खरा माईक. मग लॅपटॉपचा चार्जर. मग मॉनिटर स्पीकर. मग पंखा, ट्यूबलाईट, वायफायचा राऊटर. ज्या पायरीला घरघर वाढली ती पायरी तुमची गुन्हेगार. दोन गोष्टी एकदम बदलल्या की हा शोध वाया जातो, कारण मग कोणामुळे काय झालं ते सांगता येत नाही. तासभर लागतो याला, पण हा तासभर न दिल्यामुळे लोक आठ-दहा हजारांची खरेदी करून परत तीच घरघर ऐकत बसतात.

माईकचा सिग्नल किती लहान असतो

शुअरचा एसएम५८ सगळ्यांनी बघितलाय, भजनी मंडळापासून नाट्यगृहापर्यंत. ९४ डीबीच्या आवाजाला, म्हणजे तोंड अगदी जवळ ठेवून साध्या आवाजात बोललात तर, तो साधारण १.८५ मिलिव्होल्ट देतो. कन्व्हर्टरला मात्र व्होल्टच्या आसपास सिग्नल लागतो. म्हणजे मधल्या प्रीॲम्पने जवळजवळ १,००० पट वाढवायचं, ६० डीबी. आणि प्रीॲम्पच्या आधी केबलमध्ये शिरलेली घरघरही तेवढीच वाढते, १० मायक्रोव्होल्ट शिरली तर पुढे ती १० मिलिव्होल्ट होऊन कन्व्हर्टरवर पोचते. म्हणून पहिल्या मीटरभर वायरची जेवढी काळजी घ्याल तेवढी पुढच्या कशाचीच घ्यावी लागत नाही.

यातली फुकटची सुधारणा म्हणजे अंतर. माईकचं अंतर निम्मं केलं की सिग्नल साधारण ६ डीबी वाढतो. ४० सेंटिमीटरवरून १० वर आलात की १२ डीबी, तेवढा गेन कमी, तेवढी घरघर कमी, पंख्याचा आवाजही कमी. हार्मोनियमला फार जवळ गेलात तर भात्याचा आणि पट्ट्यांचा खडखडाट येतो, तिथे २५-३० सेंटिमीटर बरं पडतं. पण गाणाऱ्याने हातभर लांब बसून मग हिसची तक्रार करायची याला अर्थ नाही.

आवाज हळू असेल, माईक डायनॅमिक असेल आणि गेन पूर्ण उघडल्याशिवाय काही येत नसेल, तर फेटहेड किंवा क्लाउडलिफ्टरसारखा इनलाईन बूस्टर उपयोगी पडतो. तो फँटमवर (इंटरफेस माईकच्या केबलमधूनच पाठवतो ती पॉवर) चालतो आणि माईकच्या अगदी जवळ २५ डीबीच्या आसपास वाढवून देतो. पण इंटरफेसचा प्रीॲम्प आधीच शांत असेल तर फरक थोडाच पडेल, कारण १५० ओहमचा साधा रेझिस्टरसुद्धा खोलीच्या तापमानाला जो नॉईज करतो तो उणे १३१ डीबीयूच्या आसपास असतो, त्याच्या खाली कोणालाच जाता येत नाही, आणि आजकालचे बरेचसे साधे इंटरफेस उणे १२८ पर्यंत पोचलेले आहेत. म्हणजे तुमच्याकडे तसा इंटरफेस असेल तर जास्तीत जास्त २-३ डीबी मिळवण्यासाठी बूस्टर घ्यायचा का ते बघा. कंडेन्सर माईक मुळातच १०-२० मिलिव्होल्ट देतो, हिसची अडचण असेल तर तो जास्त सरळ उपाय आहे, फक्त खोलीतले बाकीचे आवाजही तो तितक्याच प्रेमाने पकडतो.

केबल

बॅलन्स्ड केबलमध्ये एकच सिग्नल दोन वायरींवर उलटसुलट जातो, पिन २ वर सरळ, पिन ३ वर उलटा, आणि पिन १ शील्ड. घरघर दोन्ही वायरींत सारखी शिरते, इंटरफेस दोघांमधला फरक तेवढा घेतो, सारखं असलेलं कापलं जातं. हे चालण्यासाठी माईकपासून इंटरफेसपर्यंत सगळं बॅलन्स्डच राहिलं पाहिजे. एका टोकाला एक्सएलआर आणि दुसऱ्या टोकाला मोनो जॅक अशी केबल कराओकेवाल्या माईकबरोबर येते ना, ती लावली की पिन ३ ग्राउंडला जोडली जाते आणि बॅलन्सिंगचा सगळा फायदा संपतो. ती केबल घरातून काढूनच टाका.

पंखा, इन्व्हर्टर, लिफ्टची मोटर असलं जवळ असेल आणि बाकी सगळं करून ५० हर्ट्झ जात नसेल तर स्टारक्वाड केबल घ्या, तिच्यात चार वायरी पिळलेल्या असतात आणि चुंबकीय घरघर त्यात बरीच मरते. वायरिंगच्या बाजूने केबल नेऊ नका, फूटभर लांब ठेवा, ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. उरलेल्या केबलचं वेटोळं करून एक्स्टेन्शन बोर्डवर टाकणं तर बिलकुल नको.

अर्थिंग, जिथे सगळ्यात जास्त घोळ असतो

हा भाग जरा सावकाश वाचा. घरघरीच्या ज्या केसेस मी जवळून बघितल्यात त्यात अर्थिंगचा हात सगळ्यात जास्त वेळा होता आणि यात जिवाचाही प्रश्न आहे.

घणसोलीतल्या एका फ्लॅटमध्ये इलेक्ट्रिशियन काकांना विचारलं, "काका, या बोर्डाला अर्थिंग आहे ना?" तर म्हणाले, "तीन पिनचा बोर्ड आहे की, असणारच." बोर्ड उघडला तर वरच्या मोठ्या भोकाच्या मागे वायरच नव्हती. असं जुन्या बिल्डिंगींमध्ये आणि नंतर वाढवलेल्या पॉईंटांमध्ये खूप दिसतं. मल्टिमीटरने तपासता येतं: फेज ते न्यूट्रल साधारण २३० व्होल्ट, फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ फार तर दोन-तीन व्होल्ट. फेज ते अर्थ ६०, ९०, ११० असं काहीतरी अर्धवट दिसलं तर अर्थ तुटलेलं आहे. मीटर धरायची सवय नसेल तर हे स्वतः करू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि समोर उभं राहून आकडे बघा. आणि एक गोष्ट त्याला करू देऊ नका, ती म्हणजे न्यूट्रलमधूनच छोटी वायर काढून अर्थच्या भोकात देणं. मीटरवर आकडे छान दिसतात, पण न्यूट्रल कुठे तुटला की तुमच्या इंटरफेसच्या, गिटारच्या तारेच्या, माईकच्या जाळीच्या अंगावर २३० व्होल्ट उभे राहतात.

आता दोन पिनचे चार्जर. त्यांच्या आत रेडिओ नॉईज दाबण्यासाठी छोटा कपॅसिटर असतो, त्यातून थोडासा करंट बाहेरच्या बाजूला गळतो आणि लॅपटॉपची बॉडी अधांतरी राहते. मेटल बॉडीवर हात फिरवला की मुंग्या येतात ना, तो हाच करंट. हाच करंट यूएसबीतून इंटरफेसमध्ये आणि तिथून केबलच्या शील्डवर येतो, मग १०० हर्ट्झची बोचरी रांग दिसायला लागते. चार्जर काढला की घरघर गेली तर हेच कारण समजा. उपाय सोप्यापासून सुरू करा: रेकॉर्डिंगपुरतं बॅटरीवर चालवा. ते जमत नसेल तर तीन पिनचा, खरोखर अर्थ असलेला चार्जर लावा. स्पीकर, लॅपटॉप, इंटरफेस सगळं एकाच बोर्डातून, एकाच एक्स्टेन्शनवरून घ्या, कारण वेगवेगळ्या खोल्यांतल्या सॉकेटच्या अर्थमध्ये थोडाफार फरक असतोच आणि तो फरक तुमच्या ऑडिओ केबलच्या शील्डमधून वाहायला लागतो. ग्राउंड लूप म्हणतात तो हाच.

लूप तोडायला अर्थची पिन कापायची किंवा तिच्यावर टेप लावायची, हे कधीही नाही. घरघर जाते आणि शॉकची सोय होते. लूप तोडायचा तर ऑडिओच्या बाजूने तोडा: कीबोर्ड, मिक्सर, टीव्ही असं काही जोडत असाल तर मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स किंवा लाईन आयसोलेटर (सिग्नल पुढे नेऊन दोन्हीकडचं ग्राउंड वेगळं ठेवणारी डबी) ठेवा, ग्राउंड लिफ्टचं बटण त्यावरच असतं. माईकच्या केबलची शील्ड मात्र कापू नका, फँटमचा करंट त्याच पिन १ मधून परत येतो.

कधीकधी सगळं बरोबर असूनही घरघर राहते कारण उपकरणाच्या आतच पिन १ बॉडीला न जोडता सर्किटच्या ग्राउंडला जोडलेली असते, मग शील्डवरची सगळी घाण सर्किटमध्ये फिरते. नील मन्सी नावाच्या ऑडिओ इंजिनियरने १९९५ मध्ये हे नीट मांडलं आणि तेव्हापासून याला पिन १ प्रॉब्लेम म्हणतात. तुमच्या एखाद्या मिक्सरला हा आजार असेल तर घरी फार काही करता येत नाही, ट्रान्सफॉर्मर मधे टाका.

यूएसबीच्या शिट्टीसाठी लोक यूएसबी आयसोलेटर मागवतात. घेण्याआधी एक बघा, स्वस्तातले बरेचसे १२ मेगाबिटचे असतात आणि आजचे बहुतेक इंटरफेस ४८० मेगाबिटवर चालतात, मग ते ओळखलेच जात नाहीत. आधी वेगळा पोर्ट, लहान केबल, स्वतःची पॉवर असलेला हब हे करून बघा.

पंखा आणि इन्व्हर्टर

मे महिन्यात ठाण्यात पंखा बंद करून गाणं शक्य नाही हे मलाही माहितीये. पण पंख्यापेक्षा रेग्युलेटर जास्त त्रास देतो. जो गोल बटणाचा, सलग फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असतो तो लाईटची लहर प्रत्येक अर्ध्या सायकलला कापतो आणि त्याची बोचरी घरघर पिकअपमध्ये थेट येते. पाच पायऱ्यांचा कपॅसिटरवाला रेग्युलेटर तसं कापत नाही, बदलायला दोन-चारशे रुपये लागतात. तोवर रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा पूर्ण वेगावर ठेवा किंवा बंद, मधे नको. स्क्वेअर वेव्हचा जुना इन्व्हर्टर असेल तर लाईट गेल्यावर रेकॉर्डिंग करूच नका.

पिकअप, आणि इथे इम्पिडन्स महत्त्वाचा

माईकवाल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. गिटार, व्हायोलिन, सतार, ढोलकीवाल्यांनी नाही.

गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. त्याला समोर १ मेगओहमचं इनपुट लागतं (इनपुटच्या या अडथळ्यालाच इम्पिडन्स म्हणतात), इंटरफेसवर इन्स्ट किंवा हाय-झी लिहिलेलं बटण असतं ते दाबा. लाईन इनपुटला लावलंत तर ट्रेबल दबतो, मग तुम्ही ईक्यूने ट्रेबल वाढवता आणि त्याबरोबर हिस वाढतो. केबल ३ मीटरच्या आत ठेवा, दर मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास कपॅसिटन्स असतो आणि लांब केबलने टोन मातीचा होतो.

सिंगल कॉइल पिकअपला ५० हर्ट्झ ऐकू येणारच, तो त्याचा स्वभाव आहे. सेथ लव्हर यांनी गिब्सनमध्ये १९५५ च्या सुमारास हंबकर केला तो याच कारणासाठी, दोन कॉइल उलटसुलट जोडल्या की तारेचा आवाज बेरजेत येतो आणि घरघर वजाबाकीत जाते. तुमच्याकडे सिंगल कॉइल असेल तर खुर्ची फिरवा. खरंच, हेडफोन लावून गिटार हातात धरून हळूहळू गोल फिरा, एका कोनात घरघर एकदम खाली जाते. तो कोन लक्षात ठेवा, तिथे बसून वाजवा. लॅपटॉपच्या चार्जरपासून आणि ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरपासून दीड मीटर लांब. गिटारच्या आत कॉपर टेप लावून ती ग्राउंडला जोडली की बोचरी घरघर कमी होते, पण जाड ५० हर्ट्झवर तिचा काही परिणाम होत नाही, चुंबकीय क्षेत्र तांब्याच्या पातळ पट्टीतून सरळ जातं. कळव्या-मुंब्र्याला रुळाला लागून राहणाऱ्यांसाठी हे विशेष, कारण लोकलच्या ओव्हरहेड वायरीतून २५,००० व्होल्टचा ५० हर्ट्झ एसी जातो आणि गाडी गेली की घरघर वरखाली होऊ शकते. तिथे कोन किंवा हंबकर, तिसरा उपाय नाही.

तारांना हात लावला की घरघर कमी होत असेल तर घाबरू नका, तुमचं शरीर ग्राउंडला जोडलं जातंय. हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मात्र लगेच सगळं बंद करा आणि वरचा अर्थिंगचा भाग परत वाचा.

पीझो हा वेगळा प्राणी. सतारीला, व्हायोलिनला, ढोलकीला चिकटवायची ती गोल पितळी चकती, २७ मिलिमीटरची, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात अगदी किरकोळ किमतीत मिळते (ठाण्याहून दादरला बदलून ग्रँट रोड). तिचा कपॅसिटन्स साधारण २० नॅनोफॅरड असतो. आता समोरच्या इनपुटबरोबर तिचा हाय पास फिल्टर तयार होतो. १० किलोओहमच्या लाईन इनपुटला लावलीत तर ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं, म्हणून पीझोचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येतो आणि लोक चकतीला शिव्या देतात. माईक इनपुटला ॲडॉप्टरने लावलीत तर आणखी वाईट, तिथे दोन-तीन किलोओहमच असतात. १ मेगओहमला लावा, कटऑफ ८ हर्ट्झवर येतो, बायाँचा घुमारसुद्धा पूर्ण येतो. आणि सिग्नल मोठा आला की गेन कमी, म्हणजे नॉईजही कमी. पीझोचा अर्धा नॉईज चुकीच्या इम्पिडन्सचा असतो, शील्डिंगचा नाही.

उरलेला अर्धा शील्डिंगचा. नुसत्या दोन वायरींची चकती म्हणजे अँटेनाच. नेरूळच्या एका व्हायोलिनवाल्या ताईंसाठी केलेली पद्धत सांगतो. दुकानातून येणाऱ्या बारीक लाल-काळ्या वायरी काढून टाकल्या. शील्डेड केबलची जाळी पितळेच्या कडेला, मधली वायर पांढऱ्या भागावरच्या चांदीच्या थराला. इथे सोल्डरिंग आयर्न एक-दोन सेकंदांवर टेकवायचं नाही, सिरॅमिक तापलं की त्याची संवेदनशीलता जाते आणि चांदीचा थर उचकटून येतो, म्हणून टोकाला आधीच सोल्डर लावून ठेवायचं आणि नुसतं टेकवून उचलायचं. मग पांढऱ्या भागावर पातळ इन्सुलेशन टेप, कडेपासून मिलिमीटरभर आत, त्यावर कॉपर टेप अशी की ती कडेच्या पितळेला दोन ठिकाणी सोल्डरने जोडली जाईल. मीटरने तपासायचं, मधली वायर आणि कॉपर टेप एकमेकांना जोडलेली दाखवत नाहीत ना. एवढं झाल्यावर चकती हाताने दाबली तरी हम येत नाही, आधी नुसता हात जवळ नेला तरी यायचा.

चकतीपासून इंटरफेस लांब असेल तर मधे बफर लागतो, म्हणजे सिग्नल न वाढवता लांब केबलमधून पुढे ढकलणारं छोटं सर्किट. सगळ्यात सोपा, टीएल०७२ ही ऑपॲम्प आयसी आणि ९ व्होल्टची बॅटरी. दोन १० किलोओहमचे रेझिस्टर घेऊन ४.५ व्होल्ट तयार करा, त्याला १० मायक्रोफॅरड लावा. चकतीचा सिग्नल १०० नॅनोफॅरडमधून सुलट्या (+) इनपुटला, तिथून ४.५ व्होल्टला २.२ मेगओहम, आउटपुट थेट उलट्या (-) इनपुटला जोडलेलं, बाहेर जाताना १० मायक्रोफॅरड आणि १०० ओहम. आयसीचा दुसरा अर्धा रिकामा सोडू नका, त्याचं आउटपुट त्याच्या उलट्या इनपुटला आणि सुलटं इनपुट ४.५ व्होल्टला, नाहीतर तो आत थरथरत बसतो. सगळं पत्र्याच्या डबीत आणि डबी ग्राउंडला. हे सर्किट तीन-साडेतीन मिलिॲम्पिअर घेतं, चांगली अल्कलाईन बॅटरी शंभर तासांच्या आसपास जाते. एनई५५३२ व्होल्टेज नॉईजमध्ये टीएल०७२ पेक्षा शांत आहे म्हणून तो लावायचा मोह होतो, पण त्याच्या इनपुटचा करंट नॉईज पीझोसारख्या सोर्सला चालत नाही. चकती ते बफर अंतर एक वीत, बफर ते इंटरफेस मग कितीही.

फँटम चालू असलेल्या इनपुटला चकती किंवा गिटार ॲडॉप्टरने जोडू नका. विकतचा डीआय घेणार असाल तर पीझोला ॲक्टिव्हच घ्या, पॅसिव्ह डीआयचं इनपुट एक-दीडशे किलोओहमच्या आसपास असतं.

गेन आणि कन्व्हर्टर

हे थोडक्यात. २४ बिटवर रेकॉर्ड करा, सर्वात जोरात वाजवलं तेव्हा मीटर उणे १२ च्या आसपास जाऊ दे, बास. पूर्वी १६ बिटच्या काळात मीटर लाल होण्याच्या काठावर न्यायची सवय होती, तेव्हा एकूण जागाच ९६ डीबी. आता २४ बिटचे कागदावर १४४ होतात, प्रत्यक्षात चांगला कन्व्हर्टर ११०-१२० देतो, आणि तुमच्या खोलीचा नॉईज त्याच्या कितीतरी वर असतो. म्हणून बिट वाढवून, १९२ किलोहर्ट्झ करून घरघर जात नाही. पण गेन फार कमी ठेवून नंतर सॉफ्टवेअरमध्ये ३० डीबी वाढवलंत तर कन्व्हर्टरचा आणि प्रीॲम्पच्या पुढच्या भागाचा नॉईजही ३० डीबी वर येतो. वाढवायचं ते पहिल्याच टप्प्यात.

जी मुलं ईएसपी३२ वगैरे मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेऊन स्वतःचा रेकॉर्डर बनवतात त्यांच्यासाठी: त्याचा आतला १२ बिटचा कन्व्हर्टर आवाजासाठी वापरू नका, पीसीएम१८०८ चा छोटा बोर्ड घ्या, त्याचा सिग्नल टू नॉईज ९९ डीबी आहे. पण त्याचं इनपुट ६० किलोओहमचं, म्हणजे पीझो थेट लावला तर १३० हर्ट्झच्या खालचं गेलं, वरचा बफर इथे लागतोच. ॲनालॉग ५ व्होल्ट वेगळ्या लिनियर रेग्युलेटरवरून द्या, कारण वायफाय पाठवताना करंट झटक्याने वाढतो आणि त्याच सप्लायवर कन्व्हर्टर असेल तर टिकटिक रेकॉर्ड होते. १०० नॅनोफॅरड चिपच्या पायाला अगदी खेटून. आणि इलेक्ट्रेट कॅप्सूलला पॉवर देताना १ किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरडचा फिल्टर मधे टाका, मग २.२ किलोओहमने कॅप्सूल. हा एक फिल्टर नसल्यामुळे खूप प्रोजेक्ट चिंचिं करतात.

पावसाळा

खाडीकाठची हवा, जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीसुद्धा ओल्या. कंडेन्सर माईकच्या आत पडदा आणि प्लेटमधे ओलावा गेला की कडकड सुरू होते, लोकांना वाटतं इंटरफेस गेला. माईक हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर दिवसभर ठेवून परत लावून बघा, बऱ्याचदा एवढ्यानेच कडकड थांबते. सिलिकाचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत वापरता येतं, फक्त कोबाल्टवालं निळं असेल तर स्वयंपाकाच्या भांड्यात नको. जॅक आणि एक्सएलआर काळपट दिसले तर कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल मारून पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. गेनचा नॉब फिरवताना खरखरला तर त्यालाही तेच.

आणि जो शांततेचा तुकडा पहिल्यांदा रेकॉर्ड केलात तो तारीख टाकून जपून ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी त्याच गेनवर नवीन तुकडा घ्या आणि दोन्ही स्पेक्ट्रम शेजारी ठेवा, शेजारच्यांनी नवीन इन्व्हर्टर बसवला असेल किंवा तुमच्या केबलची शील्ड आतून तुटायला लागली असेल तर ते तिथे आधी दिसतं, रेकॉर्डिंगमध्ये ऐकू यायच्या आधी.